किंडरच्या माळावर

इंग्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लंडन शहर, टेम्स नदी आणि तिच्यावरील पूल उभे राहतात. फार तर हिरवी कुरणे आणि त्यांत चरणाऱ्या मेंढ्या आठवतात. परंतु त्याच देशात असेही काही प्रदेश आहेत, की जेथे कोसभर चालूनही घर दिसत नाही, झाड दिसत नाही आणि वाऱ्यावाचून दुसरा सोबती भेटत नाही. उंचावरील अशा ओसाड माळाला तेथे ‘मूर’ म्हणतात. आपला माळ आणि हा मूर यांत एक मोठा भेद आहे. आपला माळ पावसाळा सरला की कोरडा ठणठणीत होतो. मूर मात्र बाराही महिने भिजलेला असतो. पाण्याने फुगलेला एखादा प्रचंड स्पंज डोंगराच्या माथ्यावर पसरून ठेवावा, तसा तो दिसतो.

अशा एका मूरवरून दिवसभर चालण्याचा योग मला एका ऑगस्ट महिन्यात आला. मी शेफील्ड शहरात एका निवृत्त शिक्षकांकडे उतरलो होतो. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ अजूनही दर आठवड्यास डोंगर चढत. त्यांची बारा वर्षांची नातही त्यांच्याबरोबर जाई. एके दिवशी रात्री जेवताना ते मला म्हणाले, “उद्या तुम्हांला किंडर स्काउटवर नेतो. सुमारे तेरा-चौदा किलोमीटर चालावे लागेल. वाट फार अवघड नाही, फार सोपीही नाही. जेथून निघावयाचे, तेथेच संध्याकाळी परत यावयाचे. मात्र आलेल्या वाटेने परतावयाचे नाही!”

नकाशावर त्यांनी बोटाने एक वाटोळी रेघ काढून दाखविली. किंडर स्काउटची उंची ६३६ मीटर आहे, असे मी वाचले, तेव्हा मला मनातून थोडे हसू आले. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच! त्यापुढे हा डोंगर तो केवढा! पण ते हसू दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही टिकले नाही.

सकाळी आम्ही आगगाडीत बसलो. शेफील्डहून मँचेस्टरकडे जाणाऱ्या या मार्गावर साडेपाच किलोमीटरांहून अधिक लांबीचा एक बोगदा आहे. शहराचा गजबजाट बोगद्याच्या एका तोंडाशी संपला आणि दुसऱ्या तोंडाशी हिरवीगार दरी उघडली. थोड्याच वेळात ईडेल हे छोटेसे स्थानक आले. स्थानकातून बाहेर पडलो, तो समोर डोंगराची लांबच लांब रांग. तिला टोकदार शिखर असे नव्हतेच. कोणी तरी सुरीने कापून सपाट करावा, तसा तिचा माथा दिसत होता.

ईडेलच्या दरीतून नो नावाची लहानशी नदी वाहते. दरीत पाच वस्त्या आहेत आणि प्रत्येकीच्या नावात ‘बूथ’ हा शब्द येतो. बूथ म्हणजे गुराख्याची झोपडी. शेकडो वर्षांपूर्वी उन्हाळ्यात गुरे घेऊन येणाऱ्या लोकांनी येथे झोपड्या घातल्या. त्या झोपड्यांच्या पुढे वाड्या झाल्या. गावातील एकुलत्या रस्त्याने आम्ही देवळावरून, म्हणजे तेथील चर्चवरून, पुढे गेलो. जुन्या खाणावळीजवळ रस्ता संपला व पायवाट सुरू झाली. ओढ्यावरील लाकडी पूल ओलांडून आम्ही कुरणात शिरलो.

कुरणाच्या कडेला दगडी भिंती होत्या. चुना नाही, सिमेंट नाही. केवळ दगडावर दगड नीट बसवून उभारलेल्या त्या भिंती वर्षानुवर्षे वारा-पाऊस सोशीत उभ्या आहेत. भिंतीत एक लाकडी फाटक होते. आम्ही आत गेल्यावर मी तसाच पुढे निघालो. मुलगी मात्र मागे थांबली, तिने फाटक लोटले, कडी घातली आणि ती नीट बसली की नाही, हे हलवून पाहिले.

“फाटक उघडे राहिले तर काय होईल?” मी सहज विचारले.

“मेंढ्या बाहेर जातील,” ती म्हणाली. “मग शेतकऱ्याला त्या दिवसभर शोधाव्या लागतील. बंद असलेले फाटक बंद ठेवायचे आणि शेतकऱ्याने मुद्दाम उघडे ठेवले असेल, तर ते उघडेच राहू द्यायचे. हे इथे सगळ्यांना ठाऊक असते.”

ती हे इतक्या सहजपणे म्हणाली, की मला माझ्या प्रश्नाची थोडी लाज वाटली.

आता चढण सुरू झाली. ग्राइंड्सब्रुक नावाच्या ओढ्याच्या काठाने वाट वर जात होती. आरंभी ती रुंद व सोपी होती. पुढे घळ अरुंद होत गेली आणि वाट मोठमोठ्या धोंड्यांत हरवली. काही ठिकाणी हातांचा आधार घेऊन चढावे लागले. ओढ्याचे पाणी स्वच्छ होते. पण त्याचा रंग मात्र काळ्या चहासारखा होता. “पाणी घाण नाही,” आजोबा म्हणाले, “वरच्या मातीचा रंग त्यात उतरला आहे. ती माती आता तुम्हांला भेटणारच आहे.”

येथील दगडही मी निरखून पाहिला. आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा, ज्वालामुखीच्या लाव्हारसातून बनलेला. किंडरचा दगड जाड्याभरड्या वाळूचा आहे. सुमारे बत्तीस कोटी वर्षांपूर्वी येथे एका प्रचंड नदीचे मुख होते. त्या नदीने वाहून आणलेली वाळू थरावर थर साचून घट्ट झाली आणि तिचा हा खडक बनला. खरखरीत असल्यामुळे पूर्वी त्याची जाती घडवीत. म्हणून त्या खडकाला त्यांच्या भाषेत ‘जात्याचा दगड’ असेच नाव पडले आहे.

दीड-दोन तासांनी आम्ही घळीच्या माथ्यावर पोचलो. मी धापा टाकीत मान वर केली आणि पाहतच राहिलो. वर शिखर नव्हतेच! दृष्टी पोचेल तेथपर्यंत एक विस्तीर्ण पठार पसरले होते. त्यावर हेदरची गुडघाभर उंचीची झुडपे जांभळ्या फुलांनी डवरली होती. मधमाश्यांचा गुंजारव ऐकू येत होता. मधूनमधून बिलबेरीची ठेंगणी झुडपे होती आणि त्यांना निळीकाळी, करवंदाहून लहान फळे लागली होती. मुलीने चार फळे तोडून माझ्या हातावर ठेवली. आंबटगोड चव जिभेवर रेंगाळली; बोटे मात्र जांभळी झाली.

एवढ्यात पायांजवळच्या झुडपातून फडफड असा आवाज करीत एक तांबूस रंगाचा, तित्तिरासारखा पक्षी उडाला आणि घोगऱ्या आवाजात ओरडत दूर गेला.

“ग्राउस!” मुलगी ओरडली. “तो काय म्हणतो, ठाऊक आहे? ‘परत जा, परत जा, परत जा!’”

मी लक्ष देऊन ऐकले. खरोखरच, इंग्रजी भाषेत तो पक्षी ‘परत जा’ असे म्हणत आहे, असा भास होत होता. आजोबा हसले. “एके काळी या माळावर माणसेही हेच म्हणत असत,” ते म्हणाले, “पण ती गोष्ट पुढे सांगेन.”

आम्ही डावीकडे वळलो. आता वाट पठाराच्या काठाकाठाने पश्चिमेकडे जात होती. डाव्या हाताला खोल दरी, उजव्या हाताला मूर. येथे आजोबांनी मला ती माती दाखविली. तिला ‘पीट’ म्हणतात. ती खरे तर माती नव्हेच. या भागात पाऊस पुष्कळ पडतो आणि पाणी साचून राहते. पाण्याखाली वनस्पती मेल्या तरी त्या पुरत्या कुजत नाहीत. त्यांचा काळा लगदा होतो आणि त्यावर नव्या वनस्पती उगवतात. असा थर वर्षाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढतो. म्हणजे एक मीटर पीट साचावयास हजार वर्षे लागतात! किंडरवर काही ठिकाणी पीटची जाडी माणसाच्या उंचीहूनही अधिक आहे.

“या कामातला खरा कारागीर हा,” असे म्हणून आजोबांनी जमिनीलगत वाढलेले एक फिकट हिरवे शेवाळ दाखविले. त्याचे नाव स्फॅग्नम. हे शेवाळ आपल्या कोरड्या वजनाच्या वीस पटींपर्यंत पाणी धरून ठेवू शकते. मुसळधार पाऊस पडला की हा माळ पाणी पिऊन घेतो आणि मग ते हळूहळू ओढ्यांना देतो. त्यामुळे खालच्या गावांना पुराचा धोका कमी होतो. शिवाय हजारो वर्षांच्या वनस्पतींमधील कार्बन या पीटमध्ये कोंडलेला असतो. पीट उघडे पडून वाळले, की तो वायुरूपाने हवेत जातो आणि पृथ्वीची उष्णता वाढविण्यास हातभार लावतो.

दुपार झाली होती. क्राउडन ओढा ओलांडून आम्ही ‘वुल पॅक्स’ नावाच्या जागी आलो. वुल पॅक्स म्हणजे लोकरीची गाठोडी. वारा, पाऊस आणि हिम यांनी झिजवून गोलाकार केलेले शेकडो प्रचंड धोंडे तेथे विखुरले आहेत. कोणी बसलेल्या म्हशीसारखा, कोणी ऐरणीसारखा, तर कोणी कासवासारखा दिसतो. त्यांच्या आडोशाला बसून आम्ही शिदोरी सोडली. मी आणलेली शेंगदाण्याची चिक्की मुलीला फार आवडली. खाऊन झाल्यावर तिने कागदाचा कपटान् कपटा गोळा करून आपल्या पाठीवरील पिशवीत ठेवला.

आम्ही उठलो आणि पाहता पाहता सारे चित्र बदलले. पश्चिमेकडून धुक्याचा एक लोट आला आणि दरी, डोंगर, धोंडे सारे पुसून गेले. दहा पावलांपलीकडचे दिसेना. वारा झोंबू लागला. ऑगस्ट महिना असूनही मला कापरे भरले. कळसूबाईशी तुलना करून मी हसलो होतो, ते मला आठवले. सपाट माथ्याच्या डोंगरावर उंचीचे भय नसते, दिशाभुलीचे असते. सगळीकडे सारखीच झुडपे, सारख्याच काळ्या घळी. कोणत्याही बाजूस वळले तरी तेच ते दृश्य.

आजोबांनी घाई केली नाही. त्यांनी नातीला नकाशा आणि होकायंत्र काढण्यास सांगितले. “आपण कोठे आहोत?” त्यांनी विचारले.

मुलीने नकाशा होकायंत्राच्या सुईशी जुळवून धरला. “आताच वुल पॅक्स सोडले. वाट पश्चिमेला जाते. पठाराची कड डाव्या हाताला राहिली पाहिजे. ती उजवीकडे आली, तर आपण चुकलो.”

“शाबास! आणि वाट सापडलीच नाही तर?”

“तर जिथे आहोत तिथे थांबायचे. अंदाजाने पळत सुटायचे नाही.”

आम्ही तिच्यामागून हळूहळू चालू लागलो. वाटेत चिखलाचे एक मोठे डबके आले. माझे बूट नवे होते. डबके टाळण्यासाठी मी बाजूच्या हिरव्या शेवाळावर पाऊल टाकले. पाय घोट्याच्या वरपर्यंत आत गेला. मोठ्या कष्टाने तो ओढून काढला, तेव्हा तेथे एक काळे भोक राहिले.

मुलगी थोडी घुटमळली, मग नम्रपणे म्हणाली, “चिखलातूनच चालावे लागते. प्रत्येक जण बाजूने गेला, तर डबके रुंद होते. मग पुढचा माणूस आणखी बाजूने जातो. वाट अशीच फुगत जाते.”

मी मागे वळून त्या भोकाकडे पाहिले. तळहाताएवढे खोल ते असेल. तेवढे पीट साचण्यास शंभर वर्षे लागली असतील. मला ते दाबून टाकण्यास एक क्षण पुरला होता. मी मुकाट्याने डबक्यात उतरलो आणि त्यातून चालत गेलो.

अर्ध्या तासाने धुके जसे आले तसेच विरले. समोर ‘नो स्टूल’ नावाचा, तिवईसारखा भला मोठा दगड उभा होता. ज्या नदीला आम्ही सकाळी दरीत पाहिले होते, तिचा उगम याच्या जवळच आहे. तेथून उतरून आम्ही एका जुन्या वाटेला लागलो आणि थोडे पश्चिमेस जाऊन ‘ईडेल क्रॉस’ या दगडी क्रुसापाशी विसावलो. मध्ययुगात राजाच्या शिकारीच्या रानाची हद्द दाखविण्यासाठी तो उभारला होता, असे सांगतात. ही वाट पुढे पलीकडच्या उतारावरील हेफील्ड गावास जाते. येथे बसून आजोबांनी आपली राखून ठेवलेली गोष्ट सांगितली.

“तुम्ही आज ज्या माळावरून आलात, त्यावर १९३२ साली तुम्हांला पाऊल टाकता आले नसते. ही जुनी वाट सर्वांना मोकळी होती. पण वाट सोडून वर गेलात, की रखवालदार हातात दंडुका घेऊन पुढे येई आणि म्हणे, ‘परत जा!’ माळ खाजगी मालकीचा होता. वर्षातून काही दिवस जमीनदार आणि त्यांचे पाहुणे तेथे ग्राउसची शिकार करीत. उरलेले दिवस पक्ष्यांना त्रास नको, म्हणून माळ बंद!

“डोंगराच्या एका बाजूला मँचेस्टर आणि दुसऱ्या बाजूला शेफील्ड. दोन्ही शहरे गिरण्या-कारखान्यांच्या धुराने काळवंडलेली. आठवडाभर धुरात राबणाऱ्या तरुण कामगारांना रविवारी मोकळी हवा हवी असे. डोंगर डोळ्यांसमोर दिसे; पण तेथे जाता येत नसे. शेवटी २४ एप्रिल १९३२ रोजी, रविवारी, सुमारे चारशे तरुण-तरुणी हेफील्डजवळच्या दगडाच्या एका जुन्या खाणीत जमले. बेनी रॉथमन नावाच्या वीस वर्षांच्या तरुणाने त्यांच्यापुढे भाषण केले आणि ते सारे गाणी म्हणत किंडरच्या दिशेने निघाले. त्याच वेळी आमच्या शेफील्डकडची एक लहान तुकडी ईडेलहून निघाली. वर रखवालदारांनी त्यांना अडविले. झटापट झाली आणि एक रखवालदार जखमी झाला. तरीही तरुण माळावर पोचले. दोन्हीकडचे लोक एकमेकांना भेटले आणि परत फिरले.

“गावात पोलीस वाट पाहत होते. पकडलेल्यांवर डार्बी येथे खटला चालला. केवळ दुसऱ्याच्या जमिनीवर पाऊल टाकणे हा तेव्हाही तुरुंगात घालण्याजोगा गुन्हा नव्हता. म्हणून दंगा आणि मारहाण असे आरोप ठेवण्यात आले. पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांच्या कैदेच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिने मिळाले.”

“डोंगरावर चालल्याबद्दल चार महिने!” मी उद्गारलो.

“होय. आणि सगळेच त्यांच्या बाजूचे होते असेही नाही. चालणाऱ्यांच्या जुन्या मंडळांतील पुष्कळांना हा मार्ग पसंत नव्हता. अशा आततायीपणाने काम बिघडेल, असे त्यांना वाटे. पण शिक्षा कठोर होत्या; त्यामुळे देशभर हळहळ पसरली. त्याच उन्हाळ्यात येथून जवळच्या एका खिंडीत हजारो लोक सभेसाठी जमले.

“फळ लगेच मिळाले नाही. सतरा वर्षांनी, १९४९ साली, राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला. १९५१ मध्ये आमचा हा पीक डिस्ट्रिक्टचा प्रदेश ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला. १९६५ साली ईडेलपासून थेट स्कॉटलंडच्या हद्दीपलीकडे जाणारी, सुमारे ४३० किलोमीटर लांबीची ‘पेनाइन वे’ ही पायवाट खुली झाली. आणि २००० सालच्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील नकाशावर नोंदलेल्या डोंगरांवर आणि मूरवर पायी हिंडण्याचा हक्क सर्वांना मिळाला. २००२ साली या घटनेला सत्तर वर्षे झाली, तेव्हा ज्या ड्यूकच्या मालकीचा हा माळ होता, त्यांच्या नातवाने येथे येऊन आपल्या आजोबांच्या वागणुकीबद्दल सर्वांसमोर क्षमा मागितली.”

मला वाटले, गोष्ट येथे संपली. परंतु आजोबा क्षणभर थांबून पुन्हा बोलू लागले. त्यांचा आवाज आता खाली आला होता.

“मी तरुण असताना पेनाइन वेची वाट ग्राइंड्सब्रुकने वर चढून सरळ पठार ओलांडीत असे. दर वर्षी हजारो लोक येत. मीही कित्येकदा गेलो. आम्हांला वाटे, माळ आता आमचा आहे! चिखल आला की आम्ही बाजूने जात असू, जसे आज तुम्ही गेलात. एका वाटेच्या दहा वाटा झाल्या. शेवाळ आधीच शहरांच्या धुराने मारले होते, मेंढ्यांनी गवत खाऊन टाकले होते, वणव्यांनी झुडपे जाळली होती. त्यात आमच्या पावलांची भर पडली. पीट उघडे पडले आणि पावसाबरोबर वाहून जाऊ लागले. माळावर काळ्या घळीच घळी झाल्या. जो माळ आमच्या वडीलधाऱ्यांनी तुरुंगात जाऊन मिळविला, तो आम्ही पायांखाली घालवीत होतो.”

पुढे ती वाट पठारावरून काढून या दुसऱ्या बाजूने नेण्यात आली. १९८२ साली किंडर स्काउट ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेने विकत घेतला. गेल्या काही दशकांत पीट वाचविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर चालू आहे. घळींत दगडांचे लहान लहान बांध घातले आहेत. हे दगड हेलिकॉप्टरने वर नेले. कारण तेथे गाडी जाऊ शकत नाही. उघड्या जागी हेदरच्या फांद्या पसरल्या, गवत पेरले आणि स्फॅग्नमची रोपे हातांनी लावली. पेनाइन वेवर पुढे जेथे दलदल आहे, तेथे मोठमोठ्या दगडी फरश्या अंथरल्या आहेत. त्यांतील पुष्कळ फरश्या मोडून पडलेल्या जुन्या कापडगिरण्यांच्या आहेत. ज्या गिरण्यांत एके काळी आपल्या देशातील कापूसही जात असे, ज्यांच्या धुराने शेवाळ मेले आणि ज्यांत राबणारे लोक मोकळ्या हवेसाठी झुरत होते, त्या गिरण्यांची जमीन आज त्या माळाचे रक्षण करीत आहे!

ऊन उतरणीस लागले. आम्ही ‘जेकबची शिडी’ नावाच्या उभ्या उताराने खाली आलो. अठराव्या शतकात जेकब मार्शल नावाचा एक शेतकरी जवळच राहत होता. त्याचे घोडे ओझे घेऊन वळणावळणाने चढत; तेवढ्यात याला सरळ वर जाऊन विडी— म्हणजे तेथील चिलीम— ओढता यावी, म्हणून त्याने पायऱ्या खोदल्या, अशी दंतकथा आहे. पायऱ्यांच्या पायथ्याशी ओझ्याच्या घोड्यांसाठी बांधलेला एक अरुंद दगडी पूल आहे. तो ओलांडून, अपर बूथच्या वाडीवरून, कुरणांमागून कुरणे मागे टाकीत आम्ही पुन्हा ईडेलकडे निघालो. सकाळची वाटोळी रेघ आता पुरी होत आली होती.

गावाच्या अलीकडे शेवटचे फाटक आले. आजोबा पुढे गेले, मुलगीही गेली. मी मागे होतो. मी फाटक लोटले, कडी घातली आणि ती हलवून पाहिली. नीट बसली होती. मागे डोंगरावर संध्याकाळचे ऊन पडले होते आणि कोठे तरी दूर ग्राउस ओरडत होता, “परत जा, परत जा!”

माझे बूट घोट्यांपर्यंत काळ्या चिखलाने माखले होते. ते मी स्थानकावर येईपर्यंत पुसले नाहीत.

अभ्यास

१. (अ) मूर आणि आपल्याकडील माळ यांत लेखकाला कोणता भेद दिसला?
(आ) ग्राइंड्सब्रुक ओढ्याच्या पाण्याचा रंग काळ्या चहासारखा का होता?
(इ) धुके आले असता मुलीने वाट कशी ठरविली?

२. पीट कसे तयार होते आणि त्याचे उपयोग कोणते, ते आठ-दहा ओळींत लिहा.

३. २४ एप्रिल १९३२ रोजी किंडरवर काय घडले? त्यानंतर १९४९, १९५१, १९६५ व २००० या साली काय झाले, ते क्रमाने सांगा.

४. “जो माळ आमच्या वडीलधाऱ्यांनी तुरुंगात जाऊन मिळविला, तो आम्ही पायांखाली घालवीत होतो.” आजोबांच्या या उद्गारांचा अर्थ स्पष्ट करा.

५. स्थानकावर येईपर्यंत लेखकाने बूट का पुसले नसतील? तुम्हांला काय वाटते, ते लिहा.

६. पुढील शब्दप्रयोगांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : कापरे भरणे, शिदोरी सोडणे, हातभार लावणे, पाहतच राहणे.

७. उपक्रम : तुमच्या गावाजवळच्या एखाद्या टेकडीवर किंवा माळावर, वडील माणसांबरोबर, एका वाटेने जाऊन दुसऱ्या वाटेने परत या. त्या फेरीचा नकाशा काढा आणि वाटेत जे दिसले त्याचे वर्णन लिहा.